पुन्हा सुरू होताना

९ मे २०२० रोजी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने देशातल्या कारखान्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. टाळेबंदी सैल होऊ लागली होती आणि सहा आठवडे थंड पडलेली यंत्रे पुन्हा फिरणार होती. त्या सूचनांत एक साधी गोष्ट सांगितली होती : कारखाना सुरू केल्यानंतरचा पहिला आठवडा चाचणीचा समजा आणि त्या काळात मोठे उत्पादन काढण्याच्या मागे लागू नका. उद्योगांच्या पर्यावरण-व्यवस्थापनावर मी आजवर जे वाचले, त्यात इतका नेमका सल्ला क्वचितच सापडला. दुर्दैव एवढेच की तो द्यायला दोन दिवस उशीर झाला होता.

७ मेच्या पहाटे तीनच्या सुमारास विशाखापट्टणमजवळच्या आर. आर. वेंकटापुरम या वस्तीत लोक झोपेत असताना एलजी पॉलिमर्सच्या आवारातून स्टायरिन या द्रव रसायनाची वाफ बाहेर पडली. माणसे उठून पळाली आणि रस्त्यातच कोसळली. बारा जण मरण पावले, शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. ज्या टाकीतून वाफ आली तीत अठराशे टनांहून अधिक स्टायरिन होते. हा द्रव थंड ठेवावा लागतो आणि त्यात टीबीसी नावाचे रोधक रसायन ठरावीक प्रमाणात असावे लागते. नाहीतर त्याचे रेणू आपसात जोडले जाऊ लागतात, त्यातून उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने जोडणी आणखी वेगाने होते. राज्य सरकारने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने जुलैत अहवाल दिला. जुनी टाकी, तापमापक फक्त तळाशी, त्यामुळे वरच्या थरात काय चालले आहे याचा पत्ता नाही. रोधकाचा पुरेसा साठा नाही. शीतकरण यंत्रणा संध्याकाळी बंद केली जात असे. आणि वस्तीला सावध करणारा भोंगा वाजलाच नाही. यातली एकही गोष्ट अवघड शास्त्राची नव्हती. सगळी रोजच्या देखभालीची कामे होती.

मला या प्रस्तावनेत मुख्यतः हेच मांडायचे आहे. उद्योगांच्या हातून पर्यावरणाची मोठी हानी भर तेजीत किंवा भर मंदीत होते असे आपण धरून चालतो. तेजीत धुराडी जास्त ओकतात म्हणून, आणि मंदीत पैसा नसतो म्हणून. या दोन्हींच्या मधला काळ, मंदीतून सावरण्याचा, हा मात्र आपल्याला शुभ वाटतो. ऑर्डरी येऊ लागलेल्या असतात, गेलेले कामगार परतत असतात, बँकेचा सूर बदललेला असतो. नेमक्या याच काळात कारखान्याची उत्पादन करण्याची ताकद झपाट्याने परत येते आणि आपली घाण सांभाळण्याची ताकद मागे राहते. या दोन वेगांतल्या फरकातून अपघात होतात, नाले रंगतात, खाड्यांतले मासे मरतात.

विशाखापट्टणम ही एकटी घटना नव्हती. त्याच दिवशी तमिळनाडूतल्या नेवेली वीजकेंद्रात बॉयलरचा स्फोट होऊन कामगार भाजले. १ जुलैला तिथेच दुसऱ्या संचात पुन्हा स्फोट झाला. सहा जण जागीच गेले आणि पुढच्या दिवसांत हा आकडा वाढत गेला. दरम्यान ३ जूनला गुजरातमधल्या दहेज इथे रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला होता. प्रत्येक घटनेची तांत्रिक कारणे वेगळी आहेत आणि सगळ्यांचे खापर टाळेबंदीवर फोडणे बरोबर नाही. पण अनुभवी प्लांट मॅनेजर जे सांगतात ते इथे आठवावे : चालू यंत्रापेक्षा थांबवलेले यंत्र सुरू करणे जोखमीचे. ही गोष्ट शॉपफ्लोअरवर सगळ्यांना ठाऊक असते, संचालक मंडळाच्या बैठकीपर्यंत ती क्वचित पोहोचते.

जगाच्या पातळीवरही हाच आलेख दिसतो. २००८ च्या आर्थिक संकटानंतर २००९ मध्ये जगाचे कार्बन उत्सर्जन १.४ टक्क्यांनी घटले होते आणि २०१० मध्ये ते ५.९ टक्क्यांनी उसळले. एका वर्षात झालेली घट पुढच्या वर्षाने व्याजासकट वसूल केली. कोविडच्या २०२० सालात उत्सर्जन पाच टक्क्यांहून जास्त उतरले. त्या उन्हाळ्यात निळे आकाश पाहून कितीजणांनी लिहिले की निसर्ग स्वतःला बरा करतो आहे. २०२१ संपेपर्यंत ती घट जवळपास भरून निघाली होती. बंद पडल्यामुळे कमी झालेले प्रदूषण हे कुणाच्याही व्यवस्थापनाचे यश नसते, ते काम नसल्याचे लक्षण असते.

आता जरा कारखान्याच्या मागच्या बाजूला जाऊ. पाहुण्यांना दाखवतात ती बाजू वेगळी. इथे ईटीपी म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र असते. तारापूर, लोटे, महाड, कुरकुंभ, कुठल्याही रासायनिक वसाहतीत गेलात तरी रचना साधारण तीच. आधी सगळे पाणी एकत्र करणारी टाकी, मग आम्ल-अल्कली समतोल साधायची टाकी, गाळ बसवायची टाकी आणि या सगळ्यांच्या मध्ये एरेशनची टाकी. तिच्यात ब्लोअरने हवा सोडतात आणि तपकिरी पाणी उकळल्यासारखे खदखदत असते. या टाकीत खरे काम करतात ते जिवाणू. सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ खाऊन ते जगतात आणि म्हणून बाहेर जाणारे पाणी घाण मोजणाऱ्या मापांच्या, म्हणजे सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत, बीओडी ३० च्या आत अशा मर्यादांत बसू शकते. ऑपरेटर या जिवाणूंना ‘कल्चर’ म्हणतात. कल्चर बरे आहे की नाही हे बघायला ते एक लिटरच्या काचेच्या नळीत टाकीतले पाणी घेतात आणि अर्धा तास तसेच ठेवतात. गाळ तपकिरी, दाट, वर नितळ पाणी असेल तर ठीक. गाळ काळा पडून वास मारू लागला किंवा खाली बसतच नसला तर कल्चर गेले.

कारखाना बंद पडला की सांडपाणी येणे थांबते. जिवाणूंना खायला मिळत नाही. त्यात वीजबिल वाचवायला ब्लोअर बंद केला तर हवाही मिळत नाही; आणि ईटीपीच्या वीजबिलात सगळ्यात मोठा वाटा ब्लोअरचाच असतो, त्यामुळे काटकसरीच्या पहिल्याच बैठकीत तो बंद करायचे ठरते. काही दिवसांत टाकी मेलेली असते. पुढे ऑर्डर आली की रिॲक्टर दोन दिवसांत सुरू करता येतो. टाकी दोन दिवसांत सुरू होत नाही. दुसऱ्या एखाद्या केंद्रातून टँकरने जिवंत स्लज आणायचा, शेणकाला घालायचा, गूळ घालायचा, नत्र-स्फुरदासाठी युरिया आणि डीएपी टाकायचे, सांडपाणी थोडे थोडे वाढवत न्यायचे, रोज नळी भरून बघायची. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. ऑर्डर देणारा तोवर थांबत नाही. मग त्या आठवड्यांतले पाणी कुठे जाते, हे वसाहतीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या शेतकऱ्यांना आणि खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्यांना विचारावे.

एका कारखान्यात मी याच्या उलटही पाहिले आहे. कारखाना लहान, मालक स्वतः रसायन अभियंता. टाळेबंदीत उत्पादन पूर्ण थांबले होते, तरी त्याने ब्लोअर दिवसातून काही तास चालू ठेवला आणि एका ऑपरेटरला रोज येण्याचा पास काढून दिला. ऑपरेटर टाकीत गुळाचे पाणी घालायचा आणि लॉगबुकात नोंद करायचा. पुन्हा सुरुवात झाली तेव्हा मालकाने उत्पादनाचे वेळापत्रक आधी ईटीपीच्या ऑपरेटरपुढे ठेवले आणि किती बॅच झेपतील ते त्याला विचारले. खर्च म्हणाल तर एक पगार, थोडी वीज आणि गूळ. मला वाटते पर्यावरण-व्यवस्थापनाची खरी परीक्षा हीच आहे : बंद काळात कुणाला कामावर ठेवलेत, आणि सुरू करताना कुणाला विचारलेत?

मोठ्या कंपन्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे विभाग असतो, प्रमुख असतो, दरवर्षी चकचकीत अहवाल निघतो. मंदीत या विभागाचे काय होते? नियमित नेमणुका थांबतात, देखभाल कंत्राटावर जाते, ज्यांना कुठल्या व्हॉल्व्हचा काय स्वभाव आहे हे माहीत असते ते अनुभवी लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन जातात. हिशेबात ही बचत दिसते. गेलेले ज्ञान कुठल्याच रकान्यात दिसत नाही आणि उभारीच्या काळात ते पगार वाढवूनही लगेच परत मिळत नाही.

सामाजिक दायित्वाच्या निधीबद्दलही एक गैरसमज दूर केला पाहिजे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्चावी लागते. तीन वर्षांची सरासरी असल्याने एका वाईट वर्षाची सावली पुढच्या तीन वर्षांवर पडते. म्हणजे कारखाना धडाक्यात सुरू झालेला असतो तेव्हा हा निधी आक्रसलेला असू शकतो. पण याहून महत्त्वाचे असे की आपल्या धंद्याच्या नेहमीच्या कामकाजातला खर्च या निधीत धरताच येत नाही. आपले सांडपाणी शुद्ध करणे हे दायित्वाचे पुण्यकर्म नाही, तो उत्पादनखर्च आहे. गावात झाडे लावून नाल्यात सोडलेल्या पाण्याची भरपाई होत नाही.

आकड्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण उभारीच्या काळात आकडे सगळ्यात जास्त फसवतात. समजा, एका कारखान्यात दिवे, कॉम्प्रेसर, पंप यांवर महिन्याला एक लाख युनिट वीज ठरलेलीच लागते आणि शिवाय प्रत्येक टन मालामागे शंभर युनिट. महिन्याला हजार टन माल निघाला तर एकूण दोन लाख युनिट, म्हणजे टनाला दोनशे. मंदीत पाचशेच टन निघाला तर एकूण दीड लाख, म्हणजे टनाला तीनशे. पुढच्या वर्षी मागणी परतली आणि पुन्हा हजार टन निघाला की टनामागचा वापर तीनशेवरून दोनशेवर येतो. एकही मोटर बदललेली नाही, एकही गळती बुजवलेली नाही, तरी अहवालात ‘ऊर्जावापरात एक तृतीयांश बचत’ असे छापता येते. प्रत्यक्षात एकूण वीजवापर पन्नास हजार युनिटांनी वाढलेला असतो. २०२०-२१ हे साल पायाभूत धरून ज्यांनी पुढची उद्दिष्टे आखली आहेत, त्यांच्या अहवालाकडे वाचकांनी या नजरेने पाहावे.

हे टाळता येते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ‘पॅट’ योजना २०१२ मध्ये सुरू झाली. पहिल्या फेरीत सिमेंट, पोलाद, खते, कागद, औष्णिक वीज अशा आठ क्षेत्रांतल्या ४७८ कारखान्यांना ऊर्जावापर कमी करण्याची उद्दिष्टे दिली गेली. पाया धरला तो २००७-०८ ते २००९-१० या तीन वर्षांच्या सरासरीचा, म्हणजे त्यात जागतिक मंदीचा काळही होता. पण कारखाना किती क्षमतेने चालला याचा फरक हिशेबातून वजा करण्याची पद्धतही तिच्यात होती. मंदीने वाढलेला आणि तेजीने उतरलेला आकडा कुणाच्या श्रेयात जमा होऊ नये यासाठी ती होती. सरकारी योजनांवर टीका करायला मी मागे राहत नाही, पण हे काम त्यांनी नीट केले हे मान्य केले पाहिजे. २०१५ पर्यंत उद्दिष्टापेक्षा जास्त बचत झाली.

सेबीने १० मे २०२१ रोजी ‘बीआरएसआर’ हा अहवालाचा नमुना आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना तो सक्तीचा केला. पाणी किती उचलले, ऊर्जा किती वापरली, हरितगृह वायू किती सोडले, कचरा किती झाला, हे दोन वर्षांच्या आकड्यांसह शेजारी शेजारी लिहावे लागते. हे मोठे पाऊल आहे. पूर्वी छायाचित्रे असायची, आता रकाने आहेत. मात्र यातला एक मापदंड आहे तो उलाढालीच्या दर रुपयामागे किती वापर झाला हे सांगणारा. उभारीच्या वर्षात मालाच्या किमती चढतात. तेवढाच माल विकूनही उलाढाल फुगते आणि दर रुपयामागचे प्रदूषण घटलेले दिसते. म्हणून अहवाल हातात आला की आधी एकूण आकडा बघावा, गुणोत्तर नंतर. आणि हेही विसरू नये की आपल्या एमआयडीसींमधले बहुसंख्य कारखाने शेअर बाजारात नाहीत. हजार कंपन्यांना माल पुरवणारे हे हजारो कारखाने कोणताही अहवाल छापत नाहीत. मोठ्या कंपनीचे घाणेरडे काम बऱ्याचदा तिथेच होत असते.

उभारीच्या नावाखाली काय काय चालवून घेतले जाते याचे सर्वांत भीषण उदाहरण जपानचे आहे. युद्धाने उद्ध्वस्त झालेला देश पुन्हा उभा राहत होता आणि मिनामाता गावातला चिस्सो कंपनीचा कारखाना त्या उभारणीचा एक खांब होता. प्लॅस्टिकसाठी लागणारे ॲसिटाल्डिहाइड तिथे तयार होई आणि पारा असलेले सांडपाणी समुद्रात जाई. १९५६ च्या मे महिन्यात गावात पसरलेल्या एका विचित्र आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कंपनीच्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांना मांजरावरच्या प्रयोगात कारण सापडले. ते दडपले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने मोठा गाजावाजा करून ‘सायक्लेटर’ हे शुद्धीकरण यंत्र बसवले आणि अध्यक्षांनी समारंभात पेलाभर पाणी पिऊन दाखवले. ते यंत्र पारा काढण्यासाठी नव्हतेच. पाऱ्याचे पाणी १९६८ पर्यंत वाहत राहिले आणि सरकारने रोगाचे कारण मान्य केले तेही १९६८ च्या सप्टेंबरात, ती उत्पादनपद्धत कालबाह्य होऊन बंद पडल्यावर. शोभेचे शुद्धीकरण केंद्र ही आपल्याकडची खासियत नाही, तिला मोठी परंपरा आहे. मिनामाताच्या मच्छीमार कुटुंबांनी त्याची किंमत पिढ्यानुपिढ्या मोजली.

त्याच जपानने पुढे दुसरी वाटही दाखवली. १९७३ च्या तेलसंकटाने त्याची अर्थव्यवस्था हादरली. सावरताना तिथल्या उद्योगांनी ऊर्जाबचतीला उभारीचे साधनच केले आणि १९७९ मध्ये त्यासाठी कायदा झाला. अमेरिकेत ३एम कंपनीने १९७५ मध्ये, मंदीच्या वर्षात, प्रदूषण झाल्यावर साफ करण्यापेक्षा ते मुळातच होऊ नये यासाठी कामगारांकडून सूचना मागवणारा कार्यक्रम सुरू केला. पैसा कमी असला की वाया जाणारे द्रावण आणि उष्णता नजरेत भरते. अडचणीच्या काळात माणूस जास्त नीट बघतो. ते बघणे उभारीत टिकवणे हीच कसोटी.

सरकारची भूमिका मी शेवटी घेतो आहे, ती लहान आहे म्हणून नव्हे. उद्योग अडचणीत आले की पहिली मागणी नियम शिथिल करण्याची असते आणि ती बहुधा मान्य होते. औष्णिक वीजकेंद्रांसाठी गंधकाच्या उत्सर्जनाची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली. मुदत दोन वर्षांची होती, ती पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यासाठीची यंत्रे बसवण्यातून सूटच मिळाली. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला. त्यात मंजुरीविना सुरू केलेल्या प्रकल्पांना मागाहून मंजुरी देण्याची सोय होती. लाखो लोकांनी हरकती पाठवल्या आणि तो मसुदा अंतिम झाला नाही. पण मागाहून मंजुरीचा वाद संपला नाही : मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अशा मंजुऱ्या बेकायदा ठरवल्या आणि नोव्हेंबरात दोन विरुद्ध एक मताने तोच निकाल मागे घेतला. विशाखापट्टणमचा कारखानाही वैध पर्यावरणीय मंजुरीशिवाय चालत होता हे अपघातानंतर उघड झाले. मागाहून मंजुरी देता येते, मागाहून भोंगा वाजवता येत नाही.

पुढच्या पानांतले लेख कारखान्यांत, प्रयोगशाळांत आणि हिशेबाच्या टेबलावर काम केलेल्या लोकांनी लिहिले आहेत. काहींची मते माझ्या मतांशी जुळत नाहीत. बाजाराच्या दबावाने कंपन्या सुधारतील असा विश्वास एक-दोन लेखांत आहे, तो मला वाटत नाही. माझा भरवसा तपासणीवर आणि शेजारच्या गावाच्या दक्षतेवर जास्त आहे. वाचकांनी दोन्ही बाजू वाचून आपले मत बनवावे. सांडपाण्यावरचे लेख थोडे तांत्रिक आहेत, ते वगळू नयेत.

हे पुस्तक वाचणाऱ्यांत कारखानदार असतील, व्यवस्थापक असतील, कामगार संघटनांचे कार्यकर्ते आणि वसाहतीलगतच्या ग्रामपंचायतींचे सदस्यही असतील. त्या सर्वांना माझी विनंती आहे. तुमच्या कारखान्याच्या किंवा तुमच्या गावाशेजारच्या कारखान्याच्या मागच्या बंद काळातले ईटीपीचे लॉगबुक मागून घ्या. त्याच्या शेजारी पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचे उत्पादनाचे आकडे ठेवा. दोन्ही ओळी एका वेगाने चढलेल्या नसतील तर मधल्या दिवसांतले पाणी कुठे गेले हे लेखी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.